दुसरा हात

अपूर्वा: पाचवा फोन आहे हा. काल चार आले, आज सकाळी सकाळी हा एक. सगळ्यांना तशीच भिंत हवीय.

आदित्य: कुणाचा होता?

अपूर्वा: प्रभाकरकाकांच्या कॉलनीतल्या कुणी बाई. काकांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय ना, भिंतीवरून हात फिरवून फिरवून दाखवलाय. तो पाहून विचारत होत्या, "वो लहरों वाली दीवार आपने ही बनाई है?"

आदित्य: मग? काय सांगितलंस?

अपूर्वा: सांगितलं, हो, मीच.

आदित्य: धंद्याचं नाव सांगायचं होतं. आदित्य डेकोर.

अपूर्वा: सांगितलं की. तर म्हणाल्या, "आदित्यजी को नहीं, मैडम को ही भेजना." आता त्याला मी काय करू?

आदित्य: काही नको करू. हस अजून.

अपूर्वा: हसले कुठे मी?

आदित्य: फोनवर हसत होतीस. आतल्या खोलीपर्यंत ऐकू आलं.

अपूर्वा: गिऱ्हाइकाशी रडत बोलू का? उशी नीट घे पायाखाली. प्लास्टर अजून तीन आठवडे आहे, आणि तू आत्तापासूनच पाय खाली सोडून बसतोस.

आदित्य: उशी ठीक आहे. तू फोनचं बोल. किती जणांना हो म्हणालीस?

अपूर्वा: कुणालाच नाही. सगळ्यांना सांगितलं, आदित्यला विचारून कळवते. तू असा का बोलतोयस दोन दिवस? रंगकामाच्या घोडीवरून पडलास, तेव्हा दवाखान्यात स्ट्रेचरवर असताना तूच मला म्हणालास, प्रभाकरकाकांचं काम हातचं जाऊ देऊ नको. होम-स्टे आहे त्यांचं, शुक्रवारी पहिले पाहुणे येतायत महाकालच्या दर्शनाला, तारीख पुढे सरकणार नाही. म्हणून गेले ना मी?

आदित्य: मी म्हणालो होतो, कारागिरांवर लक्ष ठेव. थापी हातात घे म्हणालो नव्हतो.

अपूर्वा: कारागीर दोन दिवस आलेच नाहीत! टेक्स्चरचा मसाला कालवून ठेवलेला. वाळून दगड झाला असता. मग घेतली मी थापी.

आदित्य: आणि तुला एकदम जमलं.

अपूर्वा: एकदम कुठे? आठ वर्षं झाली आपल्या लग्नाला. आठ वर्षं तुझ्या मागे उभी आहे. रंग मी मिसळते, नमुने मी धरते, मास्किंग टेप मी लावते. डोळे होतेच ना मला.

आदित्य: ती लहर कशी काढलीस? कंगव्याने?

अपूर्वा: आधी कंगव्याने. मग ओल्या स्पंजाने थोडी थोडी मोडली. रामघाटावर संध्याकाळी पाणी कसं, जास्त हलत नाही पण थांबतही नाही, तसं पाहिजे होतं मला. का?

आदित्य: काही नाही. खोल झालीय जरा. मी असतो तर इतकी खोल नसती ठेवली. रंग लावताना त्रास होईल.

अपूर्वा: तेच विचारणार होते. आज टॉवर चौकातून रंग आणि रोलर घेऊन तसंच माधव नगरला काकांकडे जाईन. टेक्स्चरवर रंग मी कधी लावलेला नाही. रोलर कुठला घ्यायचा?

आदित्य: दुकानात गेलीस की फोन कर.

अपूर्वा: आत्ताच सांग ना.

आदित्य: समोर काय काय आहे ते पाहिल्याशिवाय कसं सांगणार? फोन कर म्हटलं ना.

अपूर्वा: बरं बाबा. तात्या! निघते मी. तुमचं आणि आदित्यचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

(दोन तासांनी, फोनवर.)

अपूर्वा: हॅलो, येतंय का ऐकू? फार गोंगाट आहे इथे. दुकानात उभी आहे. रोलर सांग.

आदित्य: काय काय ठेवलंय पुढ्यात?

अपूर्वा: तीन आहेत. एक फोमचा, आपण दरवाज्यांना वापरतो तो. एक बारीक केसांचा, मखमलीसारखा, निळ्या पट्टीचा. आणि एक मेंढीसारखा, चांगले बोटाच्या पेराएवढे लांब केस आहेत त्याला. शेटजी म्हणतायत, "मैडम, टेक्सचर है तो भेड़ वाला ले जाओ, गड्ढे के अंदर तक जाएगा." हॅलो? आदित्य? कट झाला का?

आदित्य: आहे. तो पण मॅडम म्हणतो का तुला?

अपूर्वा: काय? ऐकू नाही आलं.

आदित्य: बारीक केसांचा घे.

अपूर्वा: बारीक? नक्की?

आदित्य: लांब केसांचा नुसता रंग पितो. ठिबकतो पण. त्याला महागाचा माल खपवायचाय. तो गादीवर बसतो, भिंतीवर काम मी करतो. बारा वर्षं.

अपूर्वा: अरे, चिडतोस काय? बारीकच घेते. आणि रंग? शेड काकांनी सांगितलीच आहे, ती निळसर राखाडी. मॅट घेऊ ना?

आदित्य: चमकीचा घे.

अपूर्वा: चमकीचा? पण काकांनी त्या भिंतीच्या वर छतात दिवे बसवलेत, सगळा उजेड सरळ भिंतीवर पडतो. मला वाटत होतं बिनचमकीचाच शांत दिसेल.

आदित्य: तुला वाटत होतं तर मला कशाला फोन केलास?

अपूर्वा: तसं नाही रे.

आदित्य: होम-स्टे आहे ते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागणार, पोरं तेलकट बोटं लावणार. चमकीचा पुसता येतो.

अपूर्वा: हो, हे मात्र खरं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेटजी, नीली पट्टी वाला दे दीजिए, और ये शेड शाइन वाली में. हां हां, इन्होंने ही बोला है. आदित्य, बरं झालं तुला विचारलं. मी चुकीचंच घेऊन गेले असते. ठेवते आता. दुपारची गोळी घे आठवणीने.

*

तात्या: सूनबाईचा फोन होता?

आदित्य: हो. तुम्ही झोपला होता ना, तात्या?

तात्या: पडलो होतो. बारीक केसांचा रोलर सांगितलास तिला?

आदित्य: हं.

तात्या: मागच्या दिवाळीला गच्चीची भिंत रंगवली आपण. ती खडबडीत. मी बारीक रोलर घेऊन आलो, तर तू पूर्ण गल्लीसमोर मला ऐकवलंस. "तात्या, अशा भिंतीला लांब केसांचाच लागतो, नाही तर खड्डे कोरडे राहतात." ऑक्टोबरच्या उन्हात परत पाठवलंस मला बदलून आणायला.

आदित्य: ती बाहेरची भिंत होती.

तात्या: खड्डे तर खड्डेच ना?

आदित्य: तुम्ही यात नका पडू.

तात्या: पडत नाही. विचारतोय फक्त. विसरलास का? घोडीवरून पडलास तेव्हा डोक्याला तर मार नव्हता लागला.

आदित्य: नाही विसरलो.

तात्या: मग?

आदित्य: तो व्हिडिओ पाहिलात तुम्ही?

तात्या: पाहिला. तिनेच दाखवला. दोनदा.

आदित्य: कशी वाटली भिंत?

तात्या: चांगली वाटली. हात लावून बघावीशी वाटली.

आदित्य: माझ्या कुठल्या भिंतीला वाटलं होतं तुम्हाला असं?

तात्या: तुझ्या भिंती चांगल्याच असतात. सरळ, साफ.

आदित्य: सरळ, साफ. बघा. बारा वर्षांत उज्जैनमध्ये किती घरं रंगवली असतील मी? कुणी हात नाही फिरवला त्यांच्यावर. कुणी व्हिडिओ नाही काढला. लोक म्हणतात, "आदित्य भिया, टाइम पे कर दिया, बढ़िया." बस. आणि हिने दीड महिन्यापूर्वीपर्यंत थापी धरली नव्हती, तात्या. पहिल्याच भिंतीवर पाणी हलवून दाखवलं. मी इथे पडल्या पडल्या तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल माहितीय? थांबवून थांबवून पाहिला. चूक शोधत होतो. कुठे जोड दिसतो का, कुठे हात थांबलाय का. एक चूक सापडली नाही मला.

तात्या: म्हणून चूक इथून पाठवलीस.

आदित्य: रंगाचा एक हात खराब गेला तर काय बिघडतं? पुन्हा रंगवता येतं. तिलाही कळेल की इतकं सोपं नाही ते. विचारावं लागतं कुणाला तरी.

तात्या: तिने विचारलं होतं, आदित्य.

आदित्य: माहीत आहे मला.

तात्या: फोन कर तिला. अजून दुकानातच असेल.

आदित्य: करतो.

तात्या: आत्ता कर.

आदित्य: करतो म्हटलं ना! तुम्ही माझ्या डोक्यावर उभे राहून नका सांगू. जरा एकटं सोडाल का मला?

तात्या: सोडतो. अंगणात बसतो मी.

*

तात्या: हे काय, सूनबाई? हात-पाय न धुता बसलीस. पाणी आणू?

अपूर्वा: नको, तात्या. पाच मिनिटं बसू द्या फक्त.

आदित्य: काय झालं?

अपूर्वा: भिंत बिघडली.

आदित्य: बिघडली म्हणजे?

अपूर्वा: रंग वरच्यावर राहिला. लहरीच्या माथ्यावर निळा, आणि खाली खड्ड्यात सगळं पांढरंफट्ट. मी जोर देऊन फिरवला, तर कडेकडेने ओघळ आले. मग ब्रश घेऊन एक एक खड्डा भरत बसले, तर ब्रशचे फटकारे वेगळेच दिसायला लागले. चार वाजता काका आले आणि त्यांनी वरचे दिवे लावले. आदित्य, मला बघवेना. जिथे नको तिथे सगळं चमकत होतं. कसला तरी रोग झाल्यासारखी दिसत होती भिंत.

आदित्य: काका काय म्हणाले?

अपूर्वा: आधी दिवे बंद केले. ते जास्त वाईट. मग म्हणाले, "आदित्यरावांना आणा. खुर्चीत बसवून आणा, पण आणा. हे तुझ्या आवाक्यातलं नाही." वरच्या दोन खोल्यांचं कामही देणार होते ना मला. म्हणाले, ते आता राहू दे.

तात्या: आदित्य, दुपारी फोन केला होतास ना तू हिला?

आदित्य: लागला नाही.

तात्या: लागला नाही की लावला नाही?

अपूर्वा: कसला फोन?

आदित्य: काही नाही गं. तात्या, तुम्ही जरा...

तात्या: मी चाललो नानाखेड्यापर्यंत चक्कर मारायला. मला इथे बसवणार नाही. सूनबाई, दूध तापवलंय, घे.

अपूर्वा: यांना काय झालं? माझ्यावर नाराज आहेत का?

आदित्य: तुझ्यावर नाही.

अपूर्वा: तू सांग ना, माझं कुठे चुकलं? मी सगळं नीट केलं. रोलर भिजवून झटकून घेतला. ट्रेच्या जाळीवर फिरवून जास्तीचा रंग काढला. आधी उभा, मग आडवा. मला वाटतं माझा हातच बेकार आहे. टेक्स्चर निघालं ते नशिबाने निघालं असेल. आणि तू सकाळी म्हणाला होतास, खोल झालीय. तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं. मी एवढी खूश होते ना त्या लहरीवर, मला ऐकूच आलं नाही.

आदित्य: खोल नाही झाली.

अपूर्वा: तूच म्हणालास.

आदित्य: म्हणालो. पण नाही झाली. बरोबर आहे ती. तुझा हातही बरोबर आहे.

अपूर्वा: मग काय चुकलं?

आदित्य: रोलर चुकीचा होता. रंगही.

अपूर्वा: पण ते तर तू...

आदित्य: हो.

अपूर्वा: म्हणजे तुझ्या लक्षात नाही राहिलं? औषधांनी होतं तसं. डॉक्टर म्हणाले होते, त्या गोळ्यांनी सुस्ती येईल.

आदित्य: लक्षात होतं. शेटजी खरं सांगत होता. लांब केसांचाच पाहिजे होता, तोच खड्ड्यात उतरतो. आणि रंग मॅट. चमकीच्या रंगात खडबडीत भिंतीचा एक एक डाग वर येतो. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. मी मुद्दाम उलटं सांगितलं.

अपूर्वा: मुद्दाम.

आदित्य: हो.

अपूर्वा: मी दुकानातून म्हणाले, बरं झालं तुला विचारलं. तेव्हा तुला माहीत होतं.

आदित्य: हो.

अपूर्वा: मी तुला गोळी घे म्हणाले, तेव्हाही.

आदित्य: हो.

अपूर्वा: घेतलीस?

आदित्य: अपूर्वा, ऐक...

अपूर्वा: गोळी घेतलीस का, विचारतेय.

आदित्य: घेतली.

अपूर्वा: का केलंस असं?

आदित्य: जळलो. दुसरं काय सांगू? प्रत्येक फोनला वाटायचं, माझ्यासाठी असेल. आणि ते तुला मागायचे.

अपूर्वा: मी तुझंच काम वाचवायला गेले होते.

आदित्य: तेच तर. नुसतं वाचवलं असतंस ना, तर जन्मभर तुझे उपकार मानले असते. तू माझ्यापेक्षा चांगलं केलंस.

अपूर्वा: म्हणजे मी जेमतेम केलं असतं, तर तू खूश असतास.

आदित्य: हो. खोटं कशाला बोलू?

अपूर्वा: आता कशाला बोलशील. शनिवारी ती भिंत पूर्ण झाली ना, मी तशीच निघाले होते. नखांत मसाला, केसांत मसाला. रिक्षावाला वळून वळून बघत होता. तुला फोटो दाखवला, तू म्हणालास "ठीक आहे". मला वाटलं, पाय दुखत असेल याचा. मी तुझ्या पायाला शेक द्यायला पाणी गरम करायला गेले. स्वयंपाकघरात उभं राहून मीच तो फोटो पुन्हा पाहिला. एकटीने.

आदित्य: मला माफ कर.

अपूर्वा: नाही होत आहे आत्ता. आज दिवसभर मी त्या खोलीत स्वतःला शिव्या दिल्या, आदित्य. काका बोलत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते, कारण मला वाटलं ते बरोबर बोलतायत. हे माफ कसं करतात ते मला माहीत नाही.

आदित्य: मी दुरुस्त करून देतो. उद्या येतो. बसून करीन, पण करीन.

अपूर्वा: दुरुस्त मी करीन. तू ये. काकांनी बोलावलंय ना तुला, ये. आणि त्यांना सांग.

आदित्य: काय सांगू?

अपूर्वा: मला सांगितलंस तेच.

*

प्रभाकर: या, या, आदित्यराव. सावकाश, तिथं पायरी आहे. काठी इकडे द्या. बसा असे. त्रास दिला तुम्हाला, पण माझाही नाइलाज झाला हो. परवा, म्हणजे शुक्रवारी, नाशिकचं कुटुंब उतरतंय. पहिलेच पाहुणे.

आदित्य: त्रास कसला, काका.

प्रभाकर: आणि ही बघा भिंत. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. सांगलीपासून सुरुवात केली, अकरा गावं बदलली, शेवटी इथं उज्जैनला येऊन थांबलो. पण अशी भिंत मी कुठं पाहिली नव्हती. रविवारी नुसता खुर्ची टाकून समोर बसलो होतो. आणि काल हे असं झालं. मी अपूर्वाला काही बोललो नाही बरं का.

अपूर्वा: बोललात, काका.

प्रभाकर: बरं, बोललो असेन. जीव तुटला म्हणून बोललो. आता आदित्यराव आलेत, आता काळजी नाही. तुम्ही फक्त सांगा, ही करेल.

आदित्य: काका, भिंत हिच्यामुळे नाही बिघडली. रोलर आणि रंग कुठला घ्यायचा ते मी फोनवर सांगितलं होतं. ते चुकीचं होतं.

प्रभाकर: असं होय! अहो, मग काय त्यात. माणूस महिनाभर बिछान्यावर, त्यात ती औषधं. चूक व्हायचीच.

आदित्य: हो... होते कधी कधी.

अपूर्वा: काका, जरा प्यायला पाणी मिळेल?

प्रभाकर: आणतो की. माठातलं आणतो, थांबा.

अपूर्वा: होते कधी कधी?

आदित्य: ते म्हणाले तसं. मी काय करू?

अपूर्वा: त्यांनी वाट करून दिली आणि तू निघालास. मी पण काल तुला औषधांचं नाव काढून वाट दिली होती. तेव्हा नाही गेलास. आज कसा गेलास?

आदित्य: तू घरची आहेस. हा परका माणूस आहे, अपूर्वा. उद्या पूर्ण माधव नगरमध्ये पसरेल. मला या शहरात धंदा करायचाय.

अपूर्वा: मलाही करायचा होता. काल इथेच उभी होते मी, याच परक्या माणसासमोर.

आदित्य: हळू बोल, येतायत ते.

प्रभाकर: घ्या. दोघांना आणलंय. काय, ठरलं का काही? कसं करायचं?

आदित्य: काका, मगाशी मी अर्धंच सांगितलं. ती चूक नव्हती. मी मुद्दाम केलं.

प्रभाकर: मुद्दाम? म्हणजे समजून-उमजून?

आदित्य: हो. तुम्ही व्हिडिओ टाकलात, लोक हिला विचारायला लागले. मला नाही सहन झालं ते.

प्रभाकर: अहो, पण ही बायको आहे तुमची!

आदित्य: दुसऱ्या कुणी केली असती भिंत, तर पेढे घेऊन आलो असतो मी. घरातल्या माणसाचं नाही सहन झालं.

प्रभाकर: मी ऐकायला नको होतं हे.

आदित्य: ऐकायला पाहिजे होतं. काल तुम्ही हिला म्हणालात, हे तुझ्या आवाक्यातलं नाही. ते माझ्यामुळे म्हणालात.

प्रभाकर: हं. अपूर्वा, चुकलं माझं. मी बोलायला नको होतं तसं.

अपूर्वा: असू द्या, काका.

प्रभाकर: नाही, असू द्या कसं? बरं, मग हे काम आता मी कुणाचं समजायचं? तुमचं की हिचं?

आदित्य: हिचं.

प्रभाकर: आणि वरच्या खोल्या?

आदित्य: तेही हिलाच विचारा.

प्रभाकर: काय गं?

अपूर्वा: आधी ही भिंत होऊ द्या. उद्या संध्याकाळपर्यंत देते. मग वरच्या खोल्या बघू.

प्रभाकर: आणि वर आदित्यराव असतील का तुझ्याबरोबर?

अपूर्वा: ते मला अजून माहीत नाही, काका.

प्रभाकर: बरं, बरं. मी बाहेर आहे. काही लागलं तर हाक मारा. दिवे चालू ठेवू की बंद करू?

अपूर्वा: चालू राहू द्या. दिसलं पाहिजे.

*

आदित्य: आधी रेगमालचा कागद मारावा लागेल. हलका. फक्त चमक मरेल इतका.

अपूर्वा: आणलाय. शेटजींनी दिला सकाळी. लांब केसांचा रोलर पण आणला, रंग पण. बिचाऱ्यांनी फक्त विचारलं, "भैया ठीक हैं ना?"

आदित्य: तू काय सांगितलंस?

अपूर्वा: सांगितलं, पाय ठीक आहे.

आदित्य: माथ्यावर जास्त घासू नकोस, लहर बोथट होईल. अशी, लहरीच्या बाजूने. हां. धूळ कोरड्या ब्रशने झाड. ओलं फडकं नको.

अपूर्वा: का नको?

आदित्य: ओली धूळ खड्ड्यात बसेल, मग रंग तिथे धरणार नाही.

अपूर्वा: बरं.

आदित्य: आता रोलर पूर्ण भिजू दे रंगात. नेहमीपेक्षा जास्त घ्यायचा. आणि दाबू नकोस, अजिबात दाबू नकोस. त्याच्या वजनानेच फिरू दे. पहिल्यांदा तिरपा ने, मग सरळ. गेला बघ आत! दिसतोय ना?

अपूर्वा: दिसतोय.

आदित्य: एकही पांढरा ठिपका नाही राहिला त्या पट्ट्यात. अपूर्वा, समोरून बघताना कळतं. व्हिडिओत नाही कळत ते. फार सुंदर आहे ही.

अपूर्वा: आज नको बोलू.

आदित्य: खरं बोलतोय.

अपूर्वा: असेलही. पण आज बोललास तर मला वाटेल, माफी पाहिजे म्हणून बोलतोयस. आणि मला ही भिंत पूर्ण करायचीय.

आदित्य: बरं.

अपूर्वा: शनिवारी बोलायला पाहिजे होतं.

आदित्य: हो.

अपूर्वा: बादली सरकव. मला कोपऱ्यात जायचंय.

आदित्य: खालचा पट्टा मी करू? इथे बसून पोचतो माझा हात. प्लास्टर बाजूला ठेवतो.

अपूर्वा: ब्रश घे, रोलर नको. गुडघ्याच्या खालचं कर. वर येऊ नकोस.

आदित्य: नाही येत.

अपूर्वा: ओघळ आला तुझा. डावीकडे.

आदित्य: पुसतो.

अपूर्वा: तात्यांचा फोन आला होता मगाशी. विचारत होते, जेवायला येता का दोघं. मी म्हटलं, उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.

आदित्य: अजून काही म्हणाले?

अपूर्वा: विचारलं, "सांगितलं का त्याने?" मी म्हटलं, सांगितलं. "पूर्ण?" म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्यांदा पूर्ण.

आदित्य: काल त्यांनी मला दुपारीच सांगितलं होतं, तुला फोन कर म्हणून. मी हातात धरून बसलो होतो फोन. तुझं नाव काढलं, पुन्हा मिटवलं. तू तेव्हा रंगाचा डबा उघडत असशील. मला माहीत होतं, अजून वेळ आहे.

अपूर्वा: हे कशाला सांगतोयस?

आदित्य: तू विचारलं नाहीस, पण पुढे कधी तरी विचारशील. तेव्हा मी परत काहीतरी गुळमुळीत सांगीन म्हणून.

अपूर्वा: हं. तो कोपरा राहिला तुझा. स्विचबोर्डच्या खाली.

आदित्य: करतो. झालं. इकडचं सगळं झालं.

अपूर्वा: माझंही झालं. उतरते. बाजूला हो, घोडी हलते ही.

आदित्य: धरतो मी. उतर.

अपूर्वा: पहिला हात चांगला बसलाय. दुसरा केव्हा द्यायचा?

आदित्य: चार तासांनी.

अपूर्वा: चार?

आदित्य: चार.

अपूर्वा: डबा दे इकडे.

आदित्य: अगं, चारच तास...

अपूर्वा: दे.

आदित्य: घे. किती तास ते मागच्या बाजूला लिहिलंय. खाली, बारीक अक्षरात.